ओणव्या पाठीची शेती

भाताच्या दोन ओळींत २० आणि ओळीतल्या दोन चुडांत, म्हणजे एकत्र रोवलेल्या रोपांच्या जुडग्यांत, १५ सेंटिमीटर अंतर ठेवलं, तर एका गुंठ्यात साधारण ३,३०० चूड बसतात. एकरात एक लाख तीस हजारांच्या वर. हाताने लावणी करायची तर हेक्टरी २५ ते ३० मजूर-दिवस लागतात, असा सर्वसाधारण हिशेब आहे. म्हणजे एकरभर शेत एका दिवसात उरकायचं तर दहा-बारा बायका हव्यात. आता भागाकार करावा. एकेकीच्या वाट्याला अकरा ते तेरा हजार चूड येतात. आठ तासांचं काम धरलं तर दर अडीच सेकंदांना एकदा उजव्या हाताची बोटं चिखलात शिरतात आणि दोन-तीन काड्या रोवून बाहेर येतात. डाव्या हातात रोपांची मूठ, डावं कोपर जमेल तेव्हा मांडीवर टेकवलेलं, पाय घोट्याच्या वर रुतलेले, चाल उलटी. आणि हा सगळा वेळ कंबर मोडून ओणवं राहायचं.

रायगडच्या किनारपट्टीत, उरण-पेणपासून अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनपर्यंत, जूनअखेरीपासून जुलैभर हेच चाललेलं असतं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा हा मुलूख, आणि त्यातला मोठा भाग नेमका लावणीच्या दिवसांत कोसळतो. पाऊस लागला म्हणून काम थांबत नाही. उलट पाणी आहे तोवर आवण, म्हणजे लावणी, उरकावी लागते. रोप तीन-साडेतीन आठवड्यांचं झालं की ते लावलंच पाहिजे. जून झालेल्या रोपाला फुटवे कमी येतात आणि उतारा घटतो. त्यामुळे गावातल्या सगळ्यांचीच लावणी एका पंधरवड्यात येते.

पूर्वी यावर सावडीचा तोडगा होता. आज तुमच्या शेतात, उद्या आमच्या. आता घरातले तरुण न्हावाशेव्याच्या बंदरात, पनवेल-तळोज्याच्या कारखान्यांत, नवी मुंबईत. सुना नोकरीला किंवा शिकायला. सावड मोडत चालली आणि राहिल्या चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या बायका. मोठ्या खातेदारांकडे पेण, सुधागड, कर्जतच्या डोंगरातल्या कातकरी आणि ठाकर वाड्यांवरून टेम्पो भरून मजूर बायका येतात. त्यांच्यासाठी तर लावणीचा महिना हाच रोख पैशाचा महिना. त्या या शेतातून त्या शेतात जात सलग ओणव्याच राहतात.

लावणी ही फक्त नजरेत भरणारी गोष्ट. बाईच्या अंगावरचं शेतीचं वर्ष त्याच्या बरंच आधी सुरू होतं.

राबापासून खळ्यापर्यंत

उन्हाळा तापू लागला की राब भाजायचे दिवस येतात. रोपवाटिकेच्या जागेवर शेण, पालापाचोळा, झाडांची तोडलेली कवळं, गवत असे थर रचून ते पेटवतात. तण आणि किडे मरावेत, राख मिळावी, हा उद्देश. कवळं तोडायला पुरुष झाडावर चढतो. पण पाला गोळा करणं, शेणाच्या पाट्या आणि पाल्याचे भारे डोक्यावरून वरकसातून खाली आणणं हे बाईचं काम. फेब्रुवारीनंतरच्या दमट उन्हात, घाम सुकत नसताना, हे वाहणं चालतं. राब भाजण्यावाचूनही गादीवाफ्यांवर उत्तम रोप तयार होतं, हे कोकणातले कृषिशास्त्रज्ञ कित्येक वर्षं सांगत आले आहेत. ते ऐकलं तर माती आणि झाडं वाचतातच, पण बाईच्या डोक्यावरून कितीतरी खेपा आपोआप कमी होतात. हा दुसरा फायदा मात्र प्रचारात फारसा सांगितला जात नाही.

राबानंतर पेरणी, मग रोपं उपटून मुठी बांधणं, लावणी, बेणणी, कापणी, भारे वाहणं, झोडणी. बेणणी, म्हणजे तण काढणं, लावणीपेक्षा संथ दिसते, पण तिच्यात उभ्या पिकाची धारदार पाती तोंडा-हातांना लागत राहतात. कापणी ऑक्टोबरात, पावसाळा सरताना. परतीच्या पावसाने भात आडवं झालं असेल तर जमिनीलगत विळा घालावा लागतो, म्हणजे कंबर आणखी खाली. आणि कापलेलं भात ओलं असेल तर त्याच भाऱ्याचं वजन वाढतं.

खारेपाटाची तऱ्हा थोडी वेगळी. अलिबाग-पेणच्या खाडीकाठी बंधारे घालून समुद्राकडून मिळवलेली ही जमीन. भरतीचं पाणी बांधाबाहेर राहावं आणि पावसाचं पाणी उघाडीतून बाहेर जावं, यावर तिथली शेती उभी. बांधाला खांड पडली की खारं पाणी शेतात येतं आणि पुढची काही वर्षं पिकाचा भरवसा राहत नाही. या जमिनीत पुष्कळ ठिकाणी लावणीऐवजी रहू पद्धत वापरतात: मोड आणलेलं बियाणं चिखलावर फोकतात. लावणीचं ओणवेपण वाचतं, पण भात कुठे दाट, कुठे विरळ उगवतं. मग विरळ जागी रोपं भरणं आणि दाटीतलं तण वेचणं आलं. खाजणाच्या चिकट मातीतून प्रत्येक पाऊल उपसून काढताना पोटऱ्या आणि गुडघे किती दमतात, हे त्यात चालून पाहिल्याशिवाय कळत नाही.

भात घरात आलं की विसावा, असंही नाही. अलिबागजवळच्या कार्ले, खंडाळे, नेहुली या गावांच्या परिसरात भातकापणीनंतर त्याच शेतांत पांढरा कांदा लागतो. चवीला गोडसर असलेल्या या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पर्यटक रस्त्याच्या कडेला टांगलेल्या त्याच्या माळा हौसेने विकत घेतात. कांद्याची रोपं १५ बाय १० सेंटिमीटरवर लावली तर एकराला अडीच लाखांहून जास्त रोपं लागतात. भाताच्या दुप्पट. ही लावणी उकिडवं बसून सरकत सरकत होते. पावसाळ्यात कंबर, हिवाळ्यात गुडघे. मग काढणी, सुकवणी आणि पातींची वेणी घालून माळा बांधणं. हा शेवटचा भाग बायका बसून करतात, म्हणून तो कामात धरलाच जात नाही.

कंबरेत नेमकं काय होतं

माणूस सरळ उभा असतो तेव्हा धडाचं वजन पाठीच्या मणक्यांवरून उभं खाली उतरतं. तो पुढे वाकला की डोकं, हात आणि छाती यांचा भार कण्याच्या पुढे लोंबकळतो. तो सावरायला पाठीचे स्नायू मागून ओढ देतात; पण मणक्यापासून ते अगदी जवळ असल्यामुळे त्यांना कितीतरी पट जास्त जोर लावावा लागतो, आणि तो सगळा दाब मणक्यांमधल्या मऊ चकत्यांवर येतो. स्वीडनचे अस्थिशल्यचिकित्सक आल्फ नॅकेमसन यांनी १९६० च्या दशकात माणसांच्या चकत्यांमधला दाब सुईने प्रत्यक्ष मोजला. उभं असताना तो १०० धरला, तर पुढे वाकल्यावर सुमारे १५० भरला आणि हातात वजन असताना त्याहूनही पुष्कळ वाढला.

पूर्ण ओणवं झाल्यावर आणखी एक गोष्ट घडते. पाठीचे स्नायू जवळजवळ काम थांबवतात आणि भार अस्थिबंधांवर टांगला जातो. म्हणूनच अनुभवी बाईला तासभर ओणवं राहणं सुरुवातीला तितकं जड वाटत नाही. पण अस्थिबंध ताणात राहिले की हळूहळू सैल होतात आणि काम थांबल्यावरही कित्येक तास पूर्ववत येत नाहीत. या काळात कणा सर्वांत कच्चा असतो. आणि नेमक्या याच वेळी, संध्याकाळी शेतातून वर येताना, बाई डोक्यावर गवताचा नाहीतर फाट्यांचा भारा घेते.

किती वजन उचलावं याला जगभर मापं आहेत. अमेरिकेच्या कामगार आरोग्य संस्थेच्या सूत्रात, सगळी परिस्थिती अनुकूल असतानाही, २३ किलो ही वरची मर्यादा आहे. वस्तू जमिनीवरून उचलायची असेल, अंग वळवावं लागत असेल, पकड नीट नसेल, तर ती मर्यादा आणखी खाली येते. १५ लिटरचा हंडा आणि वर पाच लिटरची कळशी म्हणजे भांड्यांचं वजन सोडून २० किलो पाणी. ओल्या भाताचा भारा तर कुणी काट्यावर ठेवून पाहत नाही. कारखान्यात ओझ्याच्या मर्यादेचा नियम भिंतीवर लावता येतो. बांधावर तो कुणी लावायचा?

भिगवण हे पुणे जिल्ह्यातलं गाव. डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने तिथे १९९६ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने घरोघर जाऊन सांधे आणि स्नायूंच्या दुखण्यांची पाहणी केली. साधारण १८ टक्के प्रौढांना असं दुखणं होतं, आणि त्यांत बायका जास्त होत्या. ही ग्रामीण भारतातली या प्रकारची सुरुवातीची मोठी पाहणी. संधिवात हा शहरी सुखवस्तूंचा आजार, ही समजूत तिने खोडून काढली.

कोकणातल्या पावसात या दुखण्याला आणखी एक गुंतागुंत चिकटते. दिवसभर पाण्यात भिजून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, कातडी फाटते, विळ्या-गवताने बारीक कापतं. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशाच फटींतून शरीरात शिरतात. ताप, डोकेदुखी, डोळे लाल होणं आणि पोटऱ्यांत तीव्र वेदना ही त्याची सुरुवात. आता लावणी करणाऱ्या बाईच्या पोटऱ्या दुखल्या तर ती काय म्हणेल? लावणीची अंगदुखी आहे, दोन दिवसांत जाईल. इथेच घात होतो. वेळेवर साधी प्रतिजैविकं मिळाली तर बरा होणारा हा आजार उशीर झाल्यावर मूत्रपिंडं आणि यकृत निकामी करू शकतो. शेतात उतरणाऱ्या माणसाला ताप आणि पोटऱ्यांचं दुखणं एकत्र आलं तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचं, हे लावणीच्या आधी घरोघर सांगण्यासारखं आहे.

रायगडने शेतातल्या एका दुखण्यावरचा उपाय जगाला दिलाही आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७० च्या दशकात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करत होते. तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसं हृदय बंद पडून दगावत. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून निरीक्षणं केली आणि रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध वापरून पाहिलं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचं संशोधन छापून आलं. या उपचाराने दंश झालेल्या रुग्णांमधलं मृत्यूचं प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास होतं ते एका टक्क्यावर आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पाला, पेंढा, दगड, फाटी हाताने उचलणाऱ्यांना या संशोधनाचा किती आधार झाला असेल! विंचवाची नांगी दिसते आणि मृत्यू मोजता येतो, म्हणून त्यावर संशोधन झालं. पाठीचं दुखणं जीव घेत नाही, म्हणून ते दवाखान्याच्या नोंदीपर्यंतही क्वचितच पोचतं.

पोटात काय जातं

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींत कष्टाचं काम करणाऱ्या स्त्रीची रोजची गरज २,७२० उष्मांक धरली आहे. बैठं काम करणारीची १,६६०. फरक हजाराहून जास्त उष्मांकांचा. लावणीला जाणारी बाई पहाटे उठून सगळ्यांचं करते, पेज किंवा भाकरी खाऊन निघते आणि तिचं रात्रीचं जेवण सगळ्यांच्या शेवटी होतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताचं प्रमाण कमी आढळलं. आधीच्या पाहणीत ते ४८ टक्के होतं. रक्त कमी म्हणजे स्नायूंना प्राणवायू कमी. तेच काम करताना हृदयाला जास्त वेगाने धावावं लागतं आणि थकवा लवकर येतो.

कष्टाचा आणि उष्मांकांचा हा संबंध महाराष्ट्रात एकदा थेट मजुरीच्या दरापर्यंत पोचला होता. रोजगार हमीच्या मजुरीसाठी वि. स. पागे यांच्या समितीने जो हिशेब मांडला, त्यात अंगमेहनतीला लागणारं अन्न कमी धरलं आहे, हे डॉ. अभय बंग यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं. पुढे सरकारने चार रुपयांची मजुरी बारा रुपये केली. घरच्या शेतात राबणाऱ्या बाईला मात्र हा युक्तिवाद लागू पडत नाही. तिला मजुरीच नाही, तर ती वाढवणार कशी?

शेतातून आल्यावरही दिवस संपत नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीनुसार, घरच्यांसाठी बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात. असं काम करणाऱ्या पुरुषांची ९७. पाठीला लागणारा विसावा याच तासांतून यायला हवा असतो.

बाळंतपणाच्या बाबतीत तर हा ताण वर्षानुवर्षं मागे लागतो. कारखान्यात किंवा कार्यालयात नोकरी करणाऱ्या स्त्रीला २०१७ पासून कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. पण लावणीला रजा नाही. बाळंतपणानंतर ओटीपोटाचे स्नायू सावरायच्या आत ओझी उचलली की 'अंग बाहेर येणं' हे दुखणं मागे लागतं, आणि त्याबद्दल ती सासूलाही सांगत नाही, डॉक्टरला तर नाहीच. शेतात आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणी कमी पिणं आणि लघवी दाबून धरणं, त्यातून होणारी जळजळ आणि संसर्ग, हेही याच न बोलण्याच्या यादीतलं.

दुखण्यासाठी दिवस मोडणं परवडत नाही तेव्हा गोष्टी कुठवर जातात, ते बीडने दाखवलं. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसाठी तिथल्या ८२,३०९ ऊसतोड मजूर स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. ऊसतोडीत एक दिवस गैरहजर राहिलं तर मुकादम खाडा म्हणून पैसे कापतो. रायगडच्या भातशेतीत अशी मुकादमी नाही आणि परिस्थिती इतकी टोकाची नाही. तरी शरीराने केलेली तक्रार हंगाम संपेपर्यंत पुढे ढकलायची सवय दोन्हीकडे सारखीच.

यंत्र कुणाच्या हातातलं काम घेऊन गेलं

गेल्या तीस-चाळीस वर्षांत रायगडच्या भातशेतीत यंत्रं आली नाहीत असं नाही. उखळणी आणि चिखलणी बैलांनी व्हायची, ती पॉवर टिलरने होऊ लागली. झोडणीच्या जागी मळणी यंत्र आलं. भात गिरणीत जाऊ लागल्यापासून घरचं कांडण तर कधीच गेलं, आणि तेवढा भाग सोडला तर यंत्राने घेतलेलं काम बहुतेक पुरुषांच्या हातातलं होतं. लावणी, बेणणी आणि बरीचशी कापणी, म्हणजे जिथे ओणवं व्हावं लागतं ती कामं, होती तिथेच राहिली. डॅनिश अर्थशास्त्रज्ञ एस्टर बोसरप यांनी १९७० मध्येच आपल्या पुस्तकात हे निरीक्षण मांडलं होतं: नवी अवजारं पुरुषांकडे जातात आणि हाताने करायची जुनी कामं बायकांकडे उरतात.

टिलरमुळे बाईचा ताण कमी होण्याऐवजी एका अर्थाने वाढलाच. बैलजोडी दिवसभरात जेवढं खाचर चिखलायची, तेवढं टिलर थोड्या वेळात चिखलतो. भाड्याचा टिलर दुसऱ्याच्या शेतात जायचा असतो, म्हणून सगळी खाचरं एकदमच तयार होतात. चिखल बसायच्या आत लावणी झाली पाहिजे. पुरुषाचं काम तासांवर आलं आणि त्या वेगाची घाई मागे लावणाऱ्यांच्या पाठीवर पडली.

सुधारित शेतीच्या शिफारशींतही ही बाजू सुटते. डॉ. ना. कृ. सावंत यांनी विकसित केलेली चारसूत्री पद्धत कोकणात गाजली आणि तिने उत्पन्न वाढतं हेही खरं. तिच्यातलं चौथं सूत्र युरिया-डीएपीच्या ब्रिकेटचं: लावणी झाल्यावर चार चुडांच्या मध्ये २.७ ग्रॅमची एक गोळी हाताने चिखलात सात-दहा सेंटिमीटर खोल खोचायची. खत वाया जात नाही, पाण्याबरोबर वाहून जात नाही. पण हेक्टरी ६२,५०० गोळ्या, म्हणजे एकराला २५ हजार. लावणी होताच त्याच शेतात पुन्हा ओणवं होऊन २५ हजार वेळा हात चिखलात. शेतकऱ्यांना ही पद्धत पटूनही अनेक ठिकाणी ती मागे का पडली, याचं एक उत्तर या आकड्यात आहे. खताचा, बियाण्याचा, उताऱ्याचा ताळेबंद मांडला गेला. कंबरेचा मांडला गेला नाही.

उलट दिशेने जाणारा प्रयोगही याच जिल्ह्यात झाला. नेरळजवळच्या सगुणा बागेचे चंद्रशेखर भडसावळे यांनी 'सगुणा राइस तंत्र' पुढे आणलं. यात एकदा गादीवाफे करायचे आणि पुढची वर्षं ते मोडायचे नाहीत. नांगरणी नाही, चिखलणी नाही, रोपवाटिका नाही आणि लावणीही नाही. लोखंडी साच्याने गादीवाफ्यावर ठरावीक अंतराने खळगे पाडून त्यांत थेट बियाणं टाकायचं. दोन कामगार साचा उचलून पुढे नेतात. टोकणीला वाकावं लागतं, पण पावसाच्या आधी, कोरड्या जमिनीवर. कष्ट निम्म्यावर येतात असा या तंत्राच्या पुरस्कर्त्यांचा दावा आहे. त्याची दुसरी बाजू तणनाशकाची: बेणणी कमी होते ती फवारणीमुळे, आणि फवारणी उघड्या हातांनी, तोंड न झाकता केली तर एका ताणाच्या जागी दुसरा धोका येतो.

मधले रस्तेही आहेत. ड्रम सीडरने मोड आलेलं भात ओळीत, उभ्याने ओढत पेरता येतं. रहूच्या खारजमिनीत हे सोयीचं. ओळीत लावलेल्या भातात कोनो वीडर उभ्याने ढकलून तण चिखलात गाडता येतं. दातेरी 'वैभव' विळा साध्या विळ्यापेक्षा हलका चालतो आणि त्याला वारंवार धार लावावी लागत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठातलं सामुदायिक विज्ञान (पूर्वीचं गृहविज्ञान) महाविद्यालय बायकांचे कष्ट कमी करणाऱ्या साधनांवर बरीच वर्षं काम करत आहे. अवजाराची मूठ किती जाड, दांडा किती लांब हवा, यासाठी बाईच्या शरीराची मापं लागतात. पुरुषाच्या उंचीने केलेला कोनो वीडर पाच फुटांच्या बाईने ढकलायचा तर कंबर वाचते आणि खांदे जातात. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी देशभरातल्या शेतमजुरांची, स्त्रिया आणि पुरुष दोघांची, शरीरमापं आणि ताकद मोजून २००९ मध्ये त्याचं पुस्तकच काढलं. मापं आता हाताशी आहेत. बाजारातली बरीच अवजारं अजून त्या मापांवर आलेली नाहीत.

अवजाराची लांबी हा कायद्याचाही विषय होऊ शकतो. कॅलिफोर्नियात लेट्यूस आणि बीटच्या शेतांत मेक्सिकन मजुरांना जेमतेम फूटभर दांड्याचं खोरं दिलं जाई. त्यामुळे दिवसभर कमरेत वाकावंच लागे. मजुरांनी आणि त्यांच्या वकिलांनी डॉक्टरांच्या साक्षी काढल्या, आणि १९७५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर या आखूड खोऱ्यावर बंदी आली. पिकांचं नुकसान होईल, अशी भीती मालकांनी घातली होती. लांब दांड्याच्या खोऱ्यांनी शेती चालूच राहिली. जपानमध्ये भातलावणी हे पिढ्यानपिढ्या बायकांचं काम होतं. १९७० च्या दशकात छोटी लावणी यंत्रं आली आणि दशक संपेपर्यंत तिथली बहुतेक लावणी यंत्राने होऊ लागली. कारण साधं होतं: मजुरी महाग झाली, म्हणून वाकणं परवडेनासं झालं.

रायगडला ते अजून परवडतं. घरच्या बाईची लावणी फुकट, तिच्याऐवजी यंत्र आणायचं तर भाडं रोख. म्हणून यंत्राचा फायदा कागदावर दिसतच नाही. शिवाय चार-पाच गुंठ्यांची खाचरं, उंच बांध आणि शेतापर्यंत न जाणारी वाट. लावणी यंत्राला चटई पद्धतीची रोपवाटिका, सारखा चिखल आणि वळायला जागा लागते. एका शेतकऱ्याला हे जमणं कठीण. दहा-बारा जणांनी शेजारची खाचरं एकाच दिवशी धरली, बचत गटाने किंवा सोसायटीने यंत्र भाड्याने आणलं, तर जमण्यासारखं आहे.

सातबारा कुणाचा

इथे जमिनीच्या नावाचा प्रश्न येतो. याच अलिबाग तालुक्यातल्या चरी परिसरात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं शेतकऱ्यांनी खोतांची जमीन न कसण्याचा संप चालवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. पुढे कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनापासून कुळं मालक झाली. सातबाऱ्यावर नावं मात्र प्रामुख्याने घरातल्या कर्त्या पुरुषांची लागली. आज देशातल्या काम करणाऱ्या ग्रामीण स्त्रियांपैकी सुमारे ७७ टक्के शेतीत आहेत. पुरुषांत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास. आणि २०१५-१६ च्या कृषी गणनेत खातेदारांमध्ये स्त्रिया जेमतेम १४ टक्के. एम. एस. स्वामिनाथन यांनी २०१२ मध्ये राज्यसभेत मांडलेलं स्त्री शेतकऱ्यांच्या हक्कांचं खासगी विधेयक चर्चेविनाच बारगळलं. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष जाहीर केलं आहे.

नावाचा आणि कंबरेचा संबंध कसा, हे एका योजनेत स्पष्ट दिसतं. कृषी यांत्रिकीकरणाच्या उपअभियानात सर्वसाधारण शेतकऱ्याला अवजारावर ४० टक्के, तर महिला शेतकऱ्याला, तसंच अल्प-अत्यल्प भूधारकाला, ५० टक्के अनुदान मिळतं. महिला म्हणून हे वाढीव अनुदान घ्यायचं तर सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज बाईच्या नावाने आणि सातबारा-आठ अ तिच्या नावाचा लागतो. तो नसला की अर्ज नवऱ्याचा, आणि अवजार निवडणारा तो. त्याला टिलर हवा असतो, कोनो वीडर नाही.

पत्नीचं नाव सातबाऱ्यावर लावायची सोय महाराष्ट्रात आहे. शेतकरी संघटनेने शरद जोशींच्या नेतृत्वाखाली लक्ष्मी मुक्तीची मोहीम चालवली, आणि त्यानंतर १९९२ मध्ये सरकारने याच नावाने परिपत्रक काढलं. त्यानुसार नवरा जिवंत असताना, त्याच्या अर्जावरून पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागू शकतं. खरेदीखत किंवा बक्षीसपत्राचा खर्च त्यात येत नाही. अर्ज नवऱ्यानेच करायचा असतो, महसूल कार्यालयात, आणि तो लावणीच्या आधीही करता येतो.